ॲडम गुड्सची राहून गेलेली फेरी

गणपतीत इथे ऑस्ट्रेलियात एका मराठी घरी आरतीनंतर गप्पा रंगल्या होत्या. विषय फूटीवर आला, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर. माझा बारा वर्षांचा लेक ॲडम गुड्सची 37 नंबरची लाल-पांढरी जर्सी घालून मिरवत होता. ती पाहून एक काका म्हणाले, "हा तोच ना, चार लोकांनी हुर्यो उडवली म्हणून खेळ सोडून गेला तो? अहो, प्रेक्षकांनी तिकीट काढलेलं असतं. हुर्यो उडवणारच. त्यात एवढं मनाला काय लावून घ्यायचं?"

प्रसादाचं ताट हातात होतं, पाहुणी म्हणून गेले होते, काका वयाने मोठे. मी काही बोलले नाही. घरी आल्यापासून मात्र ते गप्प बसणं डाचतंय, म्हणून हे लिहितेय.

"चार लोकांनी" नव्हे, आणि "खेळ सोडून गेला" हेही नव्हे. ॲडम गुड्स सिडनी स्वान्सकडून 372 सामने खेळला, 464 गोल केले. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना या आकड्यांचं वजन कळणं अवघड आहे. भल्यामोठ्या लंबगोल मैदानावर दोन्ही बाजूंचे अठरा-अठरा खेळाडू चार क्वार्टर धावत असतात, अंगाला अंग भिडवून, डोक्यावर हेल्मेट नाही की अंगावर पॅड नाहीत. गुडघे, खांदे, घोटे यांतलं काहीतरी दरवर्षी जातंच. पुष्कळ पोरांचं करिअर पन्नास सामन्यांच्या आतच आटोपतं. हा 1999 पासून 2015 पर्यंत उभा होता.

1997 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब आळीपाळीने नवी पोरं निवडतात त्यात, त्याचं नाव 43 व्या क्रमांकावर पुकारलं गेलं. म्हणजे त्याच्याआधी बेचाळीस पोरं निवडली गेली होती. जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातला, पुढे आईबरोबर व्हिक्टोरियातल्या हॉर्शमला आला आणि तिथेच फूटी शिकला. आई आदिवासी, ॲडन्यामथाना आणि नारंगा समाजांची. सरकारने आईबापांपासून तोडून नेलेल्या ज्या मुलांना इथे "चोरलेली पिढी" म्हणतात, त्यांतली ती एक. या पोराने पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा, 2003 आणि 2006 मध्ये. 2005 मध्ये स्वान्सने फायनल चार गुणांनी जिंकली. या क्लबचं त्याआधीचं विजेतेपद 1933 चं, तेव्हा तो सिडनीचा नव्हे, साउथ मेलबर्नचा होता. बहात्तर वर्षांचा दुष्काळ संपवणाऱ्या त्या संघात गुड्स होता.

आणि 2012 ची फायनल. हॉथॉर्नविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट दुखावला. माणूस बाहेर गेला, पुन्हा आत आला, लंगडत खेळला आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये गोल मारला. स्वान्सने दहा गुणांनी कप जिंकला. उंच माणूस, सुरुवातीला रकमन, म्हणजे पंचाने वर उडवलेल्या चेंडूसाठी झेपावणारा, म्हणून उड्या मारायचा, नंतर मधल्या फळीत, मग पुढे. संघाला जिथे भोक दिसेल तिथे त्याला लावायचे. लेकाला मी हा सामना किती वेळा दाखवलाय त्याची गणती नाही.

आता हुर्योकडे येते.

24 मे 2013. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, समोर कॉलिंगवूड. आदिवासी खेळाडूंच्या सन्मानासाठी दरवर्षी सामन्यांची एक फेरी असते, तिचा तो पहिलाच सामना. बाउंड्रीजवळून प्रेक्षकांतून त्याला "एप", म्हणजे वानर, म्हणून हाक आली. त्याने वळून पाहिलं, बोट दाखवलं आणि सिक्युरिटीला सांगितलं. ती तेरा वर्षांची मुलगी निघाली. सामना स्वान्सने जिंकला, पण जल्लोषाला तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर त्याने पहिल्यांदा त्या मुलीचीच बाजू घेतली. तिला दोष देऊ नका, ती ज्या वातावरणात वाढते त्याचा हा परिणाम आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मुलीने फोन करून माफी मागितली, त्याने ती स्वीकारली. पुढच्या काही दिवसांतच कॉलिंगवूडच्या अध्यक्षांनी रेडिओवर किंगकाँगच्या जाहिरातीला त्याचं नाव जोडलं. नंतर माफीही मागितली.

पण काकांसारख्या पुष्कळांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की "त्याने लहान मुलीला बाहेर काढलं". 2014 मध्ये तो ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर झाला आणि वंशद्वेषावर आणखी मोकळेपणाने बोलू लागला. त्यानंतर हुर्यो वाढत गेली. चेंडू त्याच्या हातात आला रे आला, की हजारो घशांतून "बूऽऽ". चेंडू पुढच्या खेळाडूकडे गेला की आवाज बंद. पुन्हा त्याच्याकडे आला की पुन्हा सुरू.

काका, साधी हुर्यो कशी असते ते तुम्हाला मला शिकवायला नको. पंच चुकला, कुणी खोटं पडला, कुणी क्लब बदलला की लोक ओरडतात आणि पुढच्या शनिवारी विसरतात. इथे एकाच माणसावर, मैदानामागून मैदान, 2015 चा जवळजवळ अख्खा हंगाम हे चालू होतं. फ्री किकसाठी तो नाटक करतो, असं कारण लोक द्यायचे. तसं करणारे खेळाडू प्रत्येक संघात होते. त्यांच्या वाट्याला हे का आलं नाही?

त्या वर्षी मे महिन्यात सिडनीत कार्लटनविरुद्ध गोल मारल्यावर त्याने आदिवासी युद्धनृत्याची चार पावलं केली आणि हातात नसलेला भाला प्रेक्षकांकडे फेकल्याची खूण केली. हे नृत्य त्याने सोळा वर्षांखालच्या आदिवासी मुलांच्या संघाकडून शिकलं होतं. फेरी आदिवासी संस्कृतीच्या सन्मानाची, आणि त्या संस्कृतीचं एक नृत्य मैदानावर दिसल्यावर देशभर गदारोळ! मला आजही याची चीड येते. न्यूझीलंडच्या रग्बी संघाचं हाका हे माओरी युद्धनृत्य पाहून टाळ्या वाजवणारेच लोक म्हणत होते, हा भडकवतोय.

जुलैअखेरीस पर्थमध्ये हुर्योने टोक गाठलं आणि त्याने रजा घेतली. पुढचा सामना ॲडलेडशी, सिडनी क्रिकेट ग्राउंडवर. आम्ही तिथे होतो, लेक दोन वर्षांचा, नवऱ्याच्या खांद्यावर झोपलेला. तिसऱ्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला, म्हणजे त्याच्या 37 नंबरसाठी, सगळं मैदान उठून उभं राहिलं आणि टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या आजीबाई हुंदके देत टाळ्या वाजवत होत्या. ज्याच्यासाठी टाळ्या, तो मैदानात नव्हता.

तो परत आला, हंगाम पूर्ण केला. सप्टेंबरमध्ये स्वान्स हरून बाहेर पडले आणि ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांना सांगून तो निवृत्त झाला. फायनलच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मैदानाला फेरी मारून निरोप देतात. त्या फेरीला तो गेला नाही. त्या प्रेक्षकांसमोर त्याने कुठल्या तोंडाने हात हलवायचे होते?

माझा राग प्रेक्षकांवर आहेच, पण त्याहून जास्त लीगवर, म्हणजे ही स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेवर. ही हुर्यो वंशद्वेषाची आहे, एवढं एक वाक्य स्पष्ट बोलायला त्यांनी आठवडेच्या आठवडे घेतले. 2019 मध्ये लीगने आणि अठराही क्लबांनी बिनशर्त माफी मागितली, तोवर त्याला निवृत्त होऊन जवळजवळ चार वर्षं झाली होती. 2021 मध्ये त्याला हॉल ऑफ फेम देऊ केलं, त्याने नको म्हटलं. ताठा आहे म्हणे. नाही हो. मान देणाऱ्याने योग्य वेळी पाठीशी उभं राहायचं असतं, आणि त्याचा मान त्याने स्वतःकडेच ठेवला, हे मला शंभर टक्के पटतं.

आता जे सांगायला मला जड जातंय ते. 17 ऑक्टोबर 2007 ला मी दादाबरोबर वानखेडेवर होते, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या वनडेला. मुरली कार्तिकने सहा बळी घेतले, आपण दोन गडी राखून जिंकलो. त्या दिवशी ॲण्ड्र्यू सायमंड्सला पाहून स्टॅण्डमध्ये माकडाचे आवाज काढले जात होते, हातवारे होत होते. आमच्या मागच्या रांगेतही. मी हसले नाही, पण मागे वळून "बंद करा" असंही म्हटलं नाही. परवा दादाला फोनवर विचारलं. त्याला कार्तिकच्या सहाही विकेट्स आठवतात. तो आवाज आठवत नाही.

आणि म्हणूनच जानेवारी 2021 मध्ये मी टीव्हीसमोर रडले होते. भारताची कसोटी, मैदान तेच, सिडनीचं. सिराजने बाउंड्रीवरून येऊन कप्तानाला सांगितलं, की मागून पुन्हा शिवीगाळ होतेय. अजिंक्य रहाणे सरळ पंचांकडे गेला. दोनच आठवड्यांपूर्वी मेलबर्नच्या शतकासाठी त्याच रहाणेच्या गळ्यात जॉनी मुल्लाच्या नावाचं पदक पडलं होतं, ते मिळवणारा पहिला खेळाडू म्हणून. मुल्ला 1868 मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी संघातला क्रिकेटपटू, गुड्स जिथे वाढला त्याच पश्चिम व्हिक्टोरियातला. पंचांनी मैदान सोडण्याची मुभा दिली होती, पण आपला संघ तिथेच उभा राहिला. खेळ थांबला, पोलीस स्टॅण्डमध्ये शिरले, काही प्रेक्षकांना बाहेर काढलं.

गुड्ससाठी अख्ख्या हंगामात एकाही पंचाने शिट्टी वाजवून खेळ थांबवला नाही.