‘झूम नको, पाय हलवा’ : लालबागच्या गर्दीत हा सल्ला का टिकत नाही

गणपती जवळ आले की फोटोग्राफीच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. आशय असा: मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर २४-७० एफ/२.८ ही झूम लेन्स घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. (पहिले आकडे मिलिमीटरमधली फोकल लेन्थ: मोठी तितकं दूरचं जवळ दिसतं; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त.) झूम प्राइमइतकी (एकाच फोकल लेन्थच्या लेन्सइतकी) शार्प नसते, एफ/२.८ ला बॅकग्राउंड धूसर होऊन उडत नाही, झूम करताना बाहेर येणारी नळी पावसात पाणी ओढते, वजन वेगळंच. त्यापेक्षा ५० एफ/१.८ ही प्राइम लावा आणि पाय हलवा, म्हणजे जवळ-लांब चालून फ्रेम जुळवा. झूम हवीच असेल तर कॅमेऱ्यासोबत येणारी किटची एफ/३.५-५.६ पुरे, कारण स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) आता कॅमेऱ्याच्या बॉडीतच असतं.

नवीन कॅमेरा घेणारी पोरं हे वाचून निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

आधी पाय. विसर्जनाच्या दिवशी लालबागच्या रस्त्यावर मागे दोरखंड, पुढे पथक आणि दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा. दोन पावलं मागे सरकायची ती कुठे? मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तर पाठीमागे थेट टेट्रापॉड आणि समुद्र. आणि जागा असली तरी पाय आणि झूम एकमेकांचं काम करत नाहीत. सीएसएमटीसमोर माणसाच्या जवळ जाऊन २४ वर फोटो काढा, मागचा घुमट लहानसा दिसेल. तेच रस्त्यापलीकडून ७० वर, माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवून काढा, घुमट त्याच्या डोक्यामागे मोठा होऊन उभा राहतो. दोन गोष्टींमधलं नातं तुमच्या उभं राहण्याच्या जागेवर ठरतं, फ्रेम झूमच्या रिंगवर. आधी पायांनी जागा धरा, मग रिंग फिरवा. एकच फोकल लेन्थ असेल तर जागा तुम्ही निवडत नाही, लेन्स निवडते.

मग दोन-तीन प्राइम ठेवाल, आणि त्या भर मिरवणुकीत बदलाल. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नाही. माउंटच्या कडेपासून सेन्सर सोनीत १८, निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटरवर. हवेत गुलाल, गिरगाव चौपाटीवर वाळू आणि खारा वारा. काही बॉडी बंद केल्यावर शटर मिटतं, पण त्या पात्यांवर बसलेला गुलाल पुढच्या क्लिकला आतच जातो, आणि ब्लोअरच्या दोन फुंकरींनी तो निघेलच असं नाही. मुंबईत एका चांगल्या झूमचा सगळ्यात मोठा फायदा हाच: दिवसभर बॉडी उघडावी लागत नाही.

शार्पनेसची तक्रार डीएसएलआरच्या (आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या) काळातली आहे आणि तेव्हा ती खरी होती. तिथे फोकस मोजायचा सेन्सर वेगळा असे. त्याचं आणि मुख्य सेन्सरचं गणित जरा हललं की फोकस पुढे-मागे पडे, आणि झूमला एका टोकाला जुळवलं की दुसऱ्या टोकाला बिघडे. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे तो दोष मुळातच गेला. उरतो तो डीसेंटरिंगचा, म्हणजे काच नेमकी मधोमध न बसण्याचा दोष. झूममध्ये हलणारे काचेचे गट जास्त, म्हणून एखादा नग एका बाजूला मऊ निघतो. बोरा बाजारात लेन्स घ्यायला गेलात तर दुकानाबाहेर या, लांबची एखादी पाटी धरा. एफ/२.८ ठेवून २४, ५० आणि ७० वर तीच पाटी आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा, दर वेळी तिथेच फोकस करा. मोठं करून पाहा. एकच कोपरा सारखा मऊ येत असेल तर दुसरा नग मागा.

बॅकग्राउंडबद्दल साधा भागाकार पुरतो. फोकल लेन्थला एफ-नंबरने भागा, अ‍ॅपर्चरचा व्यास मिळतो. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला तर दूरची बॅकग्राउंड किती उडेल ते या व्यासावर ठरतं. ५० एफ/१.८ चा व्यास सुमारे २८ मिलिमीटर, ७० एफ/२.८ चा २५. फरक जेमतेम. ३५ एफ/१.८ चा तर १९ च भरतो, म्हणजे झूमपेक्षा कमी. मागची वस्तू अगदी जवळ असेल तर ५० पुढे जाते, आणि ८५ एफ/१.८ (४७ मिलिमीटर) सगळ्यांना मागे टाकते. किटची लेन्स ७० ला एफ/५.६ देते: साडेबारा, बरोबर निम्मा.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, ढोलवाल्याचा नाही. टिपरू चामड्यावर आपटून उसळतं तो क्षण १/५० सेकंदाच्या शटरला नुसता राखाडी पंखा दिसतो; टिपरू, बोटं आणि उडालेला गुलाल वेगवेगळे दिसायला १/५०० लागतं. त्या शटरला एफ/२.८ वर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढली की फोटो दाणेदार होतो) ३२०० येत असेल तर एफ/५.६ वर १२८०० होतो. आणि मंडपातल्या एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, फोटोवर आडवे पट्टे येतात.

पावसाचा मुद्दा अर्धा खरा. लेन्सचं रबरी सील पाणी अडवतं, वाफ नाही. ७० वर बाहेर आलेल्या नळीवर थेंब मण्यांसारखे बसलेले असतात. ती तशीच २४ वर आणली तर ते सीलच्या कडेला जाऊन साचतात. आधी लेन्स खाली झुकवा, सुती फडक्याने नळी पुसा, मग आत घ्या. एसी लोकलमधून उतरल्यावर कॅमेरा वीस-तीस मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या, नाहीतर काच धुरकटते. घरी ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर. बुरशी प्राइमलाही सोडत नाही.

वजन? सोनीची दुसऱ्या पिढीची २४-७० एफ/२.८ जीएम (त्यांची वरच्या दर्जाची मालिका) ६९५ ग्रॅम. त्यांच्याच ३५, ५० आणि ८५ या एफ/१.८ लेन्स मिळून ८३७, आणि त्यात २४ नाहीच. टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी२ (दुसरी पिढी) ५४० ग्रॅम.

मेसेज एका ठिकाणी बरोबर आहे: उजेडाचं गणित. एफ/१.८ हे एफ/२.८ च्या सुमारे २.४ पट प्रकाश घेतं. घरच्या गौरीसमोर दिवे मालवून फक्त समई तेवत असेल, तर १/१२५ ला एफ/२.८ वर आयएसओ १२८०० लागतो तिथे एफ/१.८ वर ५००० च्या आसपास भागतं. तेवढ्यासाठी स्वस्तातली ५० बॅगेत जरूर असू द्या. बदलायची ती आरतीच्या आधी, दुसऱ्या खोलीत, पंखा बंद करून, माउंट जमिनीकडे धरून.