के-2च्या गोळीने मधुमेह जात नाही

"हाडांतलं ऑस्टिओकॅल्सिन जागं करा. मधुमेह मुळापासून जाईल, स्मरणशक्ती आणि पौरुष परत येईल. रोज व्हिटॅमिन के-2 घ्या, शुगरच्या गोळ्या बंद करा." ऑस्टिओकॅल्सिन म्हणजे हाडांच्या पेशी बनवतात ते एक प्रथिन. हा फॉरवर्ड आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने गोळ्या मागवायचं ठरवलंही. तिच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. आता गप्प बसवत नाही.

यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. 2007 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या जेरार्ड कार्सेंटी यांच्या गटाला दिसलं की ऑस्टिओकॅल्सिन नसलेल्या उंदरांची साखर बिघडते, चरबी वाढते. हाडंही हार्मोन सोडतात ही कल्पना तिथून पसरली. पण 2020 मध्ये अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या दोन वेगळ्या गटांनी असे उंदीर नव्याने तयार केले आणि निष्कर्ष 'प्लॉस जेनेटिक्स' या शोधपत्रिकेत छापले. साखर नॉर्मल निघाली. जपानी गटाला फरक दिसला तो हाडातच: कोलॅजनच्या तंतूंना समांतर बसणारे खनिजाचे स्फटिक विस्कटलेले होते. उंदरांवरचाच वाद मिटलेला नाही आणि हे लोक माणसांना मेटफॉर्मिनसारख्या शुगरच्या गोळ्या सोडायला सांगतात!

स्मरणशक्ती आणि पौरुषाचे दावेही मुख्यतः उंदरांच्याच जिवावर.

खरा कहर के-2चा. व्हिटॅमिन के ऑस्टिओकॅल्सिनवर कार्बॉक्सिल गट, म्हणजे अणूंचे छोटे जोड, चढवतं. मग ते कॅल्शियमला धरतं आणि हाडात अडकून बसतं. कार्सेंटींच्या मते हार्मोनचं काम करतं ते हे गट पुरते न चढलेलं, रक्तात मोकळं फिरणारं ऑस्टिओकॅल्सिन. म्हणजे के-2 घेतल्यावर तेच कमी होणार! ज्या संशोधनाचं नाव घेऊन गोळी खपवतात, त्याच्याच बरोब्बर उलट. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने मूळ काम उघडूनही पाहिलेलं नाही.

आणि आत्यासारख्यांना यात थेट धोका आहे. कृत्रिम झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या वॉरफरिन किंवा ॲसेनोकूमारॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या व्हिटॅमिन केचंच काम अडवतात. वरून के-2 घेतलं की गोळीचा असर उतरतो, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा) खाली येतो आणि झडपेवर गुठळी धरू शकते. जपानमध्ये वॉरफरिन घेणाऱ्यांना नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, खाऊ नका असं सांगतात ते याचसाठी. त्यात के-2 भरपूर असतं.

घरात कुणी रक्त पातळ ठेवणाऱ्या या गोळ्या घेत असेल तर त्यांच्या कॅल्शियमच्या पाकिटामागची बारीक अक्षरातली यादीही वाचा. हल्ली कितीतरी ब्रँडमध्ये के-2-7, म्हणजे के-2चाच एक प्रकार, घातलेलं असतं. सापडलं तर डॉक्टरांना सांगा आणि आयएनआर तपासून घ्या.