तेलाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून तेल जीएम-मुक्त ठरत नाही

‘बिनबियांची द्राक्षं, कलिंगड, हायब्रिड टोमॅटो, सगळं जीएम आहे. लॅबमध्ये एक डीएनए टेस्ट केली की शंभर टक्के कळतं. पॉझिटिव्ह आलं तर विष समजा, निगेटिव्ह आलं तर बिनधास्त खा.’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत असतो. (जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं, सहसा बाहेरचं जनुक घालून.) तो पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे. आपण काय खातो हे कळण्याचा हक्क प्रत्येकाला आहेच. पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि शेवटचं तर सर्वांत जास्त दिशाभूल करणारं.

द्राक्षांचं आधी उरकून टाकू. थॉम्पसन सीडलेस ही जीएम तंत्राच्या कितीतरी आधीपासूनची जात आहे. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार मणी फुगवायला जीए (जिबरेलिक ॲसिड) वापरतात, ते वाढीचं संजीवक आहे. त्याने वेलीची जनुकं बदलत नाहीत. बिनबियांचं कलिंगड गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या संकरातून येतं आणि हायब्रिड टोमॅटो म्हणजे दोन वाणांचा साधा संकर. भारतातल्या शेतकऱ्याला आज बाजारातून रीतसर बियाणं आणून पेरता येतं असं जीएम पीक एकच आहे, कापूस. बीटी वांग्याला, म्हणजे जिवाणूचं कीडरोधक जनुक घातलेल्या वांग्याला, फेब्रुवारी २०१० पासून स्थगिती आहे. जीएम मोहरीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

आता ‘एक टेस्ट’. पीसीआर चाचणी डीएनएचे आपण ठरवून दिलेले तुकडेच शोधते, बाकीच्यांबद्दल काही बोलत नाही. प्रयोगशाळा सहसा ३५एस प्रमोटर (जनुक चालू करणारा) आणि नॉस टर्मिनेटर (ते थांबवणारा) या दोन तुकड्यांपासून सुरुवात करते, कारण ते पुष्कळ जीएम पिकांमध्ये वापरलेले असतात. ३५एस मुळात फुलकोबीवरच्या मोझॅक विषाणूतला. हा रोग कोबीवर्गीय भाज्यांवर निसर्गतः पडतो, त्यामुळे रोगट फुलकोबीच्या नमुन्यातही ३५एस सापडू शकतो. म्हणून पहिल्या पॉझिटिव्हनंतर नेमका कोणता इव्हेंट आहे, म्हणजे कोणत्या पिकात कोणत्या जागी जनुक घातलं आहे, हे स्वतंत्रपणे तपासावं लागतं. उलट बाजूही आहे. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ या जनुक-संपादित भातांत परका डीएनए नाही. नेहमीची जीएम चाचणी त्यांना ओळखणार नाही.

खरा घोळ तेलात आहे, आणि तो आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या, खानदेशच्या दाराशी आहे. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्र बीटीचं आहे. जिनिंगमध्ये रुई वेगळी झाली की सरकी ऑइल मिलला जाते. तेल माणसांच्या पोटात, पेंड जनावरांच्या. डीएनए तेलात विरघळत नाही, त्यामुळे तो बहुतांशी पेंडीतच राहतो. तेलात उरलेला अंशही रिफायनिंगमध्ये निघून जातो: चिकट द्रव्यं काढणं, मातीने रंग काढणं, मग २०० अंश सेल्सियसच्या वर तापवून वास काढणं. एवढं झाल्यावर बाटलीत डीएनए नावापुरता उरतो किंवा उरतच नाही. म्हणजे निखळ बीटी सरकीचं तेलही ‘नॉट डिटेक्टेड’ येऊ शकतं.

कधी सापडतोही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१८ मध्ये ६५ खाद्यनमुन्यांची तपासणी जाहीर केली, त्यांतले २१ पॉझिटिव्ह होते. भारतात बनलेल्यांपैकी जे पॉझिटिव्ह आले ते सरकीच्या तेलाचे. त्यामुळे तेलाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट काहीतरी सांगतो. निगेटिव्ह मात्र एका अटीवरच. प्रयोगशाळेने त्याच नमुन्यात कापसाचं स्वतःचं जनुक, उदाहरणार्थ सॅड१, शोधलं होतं का आणि ते सापडलं का? जिथे कापसाचाच डीएनए मिळाला नाही, तिथे बीटीचा मिळाला नाही यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. असा रिपोर्ट दाखवून कुणी ‘जीएम-मुक्त’ म्हणून तेल विकत असेल तर ती ग्राहकाची फसवणूक आहे.

पॉझिटिव्ह म्हणजे विष, हेही खरं नाही. ही चाचणी घटक आहे की नाही आणि किती, एवढंच सांगते. अपायाची तपासणी वेगळी असते. आयात होणाऱ्या २४ पिकांसाठी अन्न सुरक्षेचं नियमन करणाऱ्या एफएसएसएआयने मार्च २०२१ पासून बिगर-जीएम प्रमाणपत्र सक्तीचं केलं, त्यातही नकळत झालेली १ टक्क्यापर्यंतची भेसळ चालते. अशा मालाचा रिपोर्टही पॉझिटिव्ह येऊ शकतो.

म्हणून तेलाच्या बाबतीत बाटली तपासून फारसं हाती लागत नाही. सरकी कुठून आली याची नोंद हवी आणि गरज पडली तर तपासणी मिलच्या दारात, गाळपाआधीच्या सरकीची हवी. जीएम अन्नाच्या पाकिटावर दर्शनी भागात ‘जीएम’ लिहिण्याचा वजन-माप नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला होता. सरकीच्या तेलाच्या पिशवीवर तो शब्द दिसतो का, हे दुकानात उभं राहून पाहा आणि नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारा.