धुराला पांढरा लावला, हो!

नमस्कार. माझ्या 'दरीतली सकाळ' या निसर्गचित्राखाली आपण लिहिलंत: "हे जलरंग नव्हेत. पांढरा वापरणं ही फसवणूक आहे. लांबचा डोंगर नि जवळचा उतार सारखेच गडद, त्यामुळे दरीला खोली नाही. कागदही २०० ग्रॅमचा वाटत नाही. अभ्यास वाढवा."

आधी माझी चूक. कागद चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा आहे, चित्रासोबतच्या लेखात २०० पडलं. दुरुस्त केलंय, आभार.

आता 'फसवणूक'. कोणाची केली मी? खालच्या घरावरचा धूर अपारदर्शक पांढऱ्यानं काढलाय, हे लेखात सरळ लिहिलंय. पण तेवढं वाचायला सवड हवी. जलरंगात पांढरा रंग न लावता कागदाचाच पांढरा राखायचा असतो हे मलाही कळतं. ओढा बघा, कोरडा ब्रश ओढून सोडलेले कागदाचे दाणे तिथं चमकताना दिसतील. धुराचं तसं होत नाही. झाडीत त्याची जागा आधीच सोडली तर कडा कापल्यासारख्या दिसतात, आणि नंतर ओल्या ब्रशनं रंग उचलायला जावं तर झाडीचा थॅलो हिरवा (डाग धरणारा गडद हिरवा) कागदात मुरलेला असतो, घासलं तरी डाग उरतोच.

शिवाय 'हे जलरंग नव्हेत' हे ठरवणारे आपण कोण? जुना जर्मन चित्रकार ड्यूरर पारदर्शक रंगांच्या जोडीला अपारदर्शक रंग वापरायचा. शिशापासून केलेला जुना पांढरा हवेतल्या गंधकाच्या वायूनं काळवंडायचा, म्हणून १८३४ मध्ये विन्सर अँड न्यूटन या इंग्रज रंग-कंपनीनं जस्ताचा 'चायनीज व्हाइट' काढला, तोही जलरंगवाल्यांसाठीच. इंग्रज निसर्गचित्रकार टर्नर तर उजेड काढायला नखानं कागद खरवडायचा. त्यालाही अभ्यास वाढवायला सांगणार?

हा शुद्धतेचा सोस मी भोगलाय. शिकत असताना मी पांढऱ्यानं काढलेल्या बगळ्यांवर आमच्या सरांनी अख्ख्या वर्गासमोर ओला स्पंज फिरवला होता. पुढे सहा वर्षं मी पांढऱ्या ट्यूबचं झाकण उघडलं नाही. त्या सहा वर्षांतली चित्रं माळ्यावर आहेत. अगदी शुद्ध आहेत. बघवत नाहीत. बावीस वर्षं ब्रश धरल्यावर कोणी दोन शब्दांत 'अभ्यास वाढवा' म्हणून निघून जातं, तेव्हा राग येतो, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

राहिला डोंगर. लांबचं फिकट नि निळसर, जवळचं गडद, हे कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानांवर असतं. पाऊस पडून गेला की हवा धुतली जाते आणि लांबचा डोंगरही ठसठशीत दिसतो, हे मात्र बाहेर बसून चित्र काढणाऱ्यालाच माहीत. त्यावर आणखी काय बोलायचं?

आणि हो, काल रात्री त्या डोंगरावर ओला ब्रश फिरवून थोडा रंग उचललाय. तुम्ही म्हणालात म्हणून नव्हे, तो जरा दाटच बसला होता. नवा फोटो उद्या टाकतो.