काकूंच्या हॉलमधलं खोकं

आज वसुबारस. चकलीचा सोऱ्या परत द्यायला शेजारच्या काकूंकडे गेले, तर हॉलच्या मधोमध वॉशिंग मशीनचं खोकं. त्यावर जुनी चादर, चादरीवर भाजणीचा डबा, पणत्यांची पिशवी, रांगोळीचे रंग. चार दिवस झाले, ते तिथंच आहे. सोफ्यापर्यंत जायचं तर वळसा घालावा लागतो. मशीन ८ किलोचं फ्रंट लोड, म्हणजे कपडे समोरून घालायचं, रुंदी ६० सेंटिमीटर. काकूंच्या बाथरूमच्या दाराची चौकट आतल्या आत मोजली तर ५६. आडवं फिरवून न्यावं तर समोरून मागेपर्यंत ५८. गॅलरीत ठेवावं तर तिथं नळ नाही.

"मुलाला सांगितलंत का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "नको गं. किती हौसेनं घेतलंय त्यानं. सेल संपत होता म्हणून रात्री बाराला फोन केला होता बिचाऱ्यानं."

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून हे लिहितेय.

राग त्या मुलावर नाही. तो बेंगळुरूला, आई इथे चौथ्या मजल्यावर एकटी, आईचे गुडघे दुखतात, वाकून कपडे धुवायला नको म्हणून त्यानं आपल्या कार्डावर मशीन घेतलं. ह्यात चुकलं काय? पण ज्या पानावर त्यानं ते घेतलं तिथं वर घड्याळ उलटं चाललेलं आणि खाली लाल अक्षरांत "फक्त २ शिल्लक". अशा वेळी माणूस आईला "दाराचं माप घे गं" म्हणत नाही. "घेऊ का?" विचारतो, आणि आई म्हणते, "बघ बाबा, तुला काय वाटतं ते." झालं.

हा उलटं चालणाऱ्या घड्याळाचा खेळ साधासुधा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला चकवून खरेदी करायला लावणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत आणि खोटी घाई करणं हा त्यातला पहिलाच. न विचारता बास्केटमध्ये वस्तू सरकवणं आहे, शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं आहे, "नको, मला बचत करायची नाही" असं बटण दाबायला लावून लाज वाटायला लावणंही आहे. तुमच्या बाबतीत असं झालं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. घड्याळ शून्यावर येऊन पुन्हा सुरू झालं तर दोन्ही वेळचा स्क्रीनशॉट हवा, एकट्या पहिल्यानं काही सिद्ध होत नाही.

आता त्या "सूट" शब्दाकडे येते. खोक्याबरोबरच्या कागदावर एमआरपी ४६,९९०, मुलाला पडलं ३०,०००. सतरा हजार वाचले म्हणून काकू चार जणींना सांगतायत. एमआरपी कंपनी स्वतः छापते. कायदा एवढंच सांगतो की छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. ती किती फुगवून छापायची ह्यावर मशीन, टीव्ही, मिक्सरसारख्या वस्तूंना कुणाची लगाम नाही. तेव्हा खोडलेल्या आकड्यावरून टक्के काढणं बंद करा. बघायचं ते एवढंच की हेच मॉडेल, शेवटच्या अक्षरापर्यंत हेच, दीड-दोन महिन्यांपूर्वी कितीला होतं. शेवटच्या अक्षरापर्यंत म्हणते, कारण ऑनलाइनसाठी पुष्कळदा वेगळं मॉडेल काढतात. नाव तेच, रूप तेच, नंबरातली दोन अक्षरं वेगळी, आणि आतल्या दोन-तीन गोष्टी कमी. मग गल्लीतल्या दुकानदाराला भाव विचारला तर तो "हे मॉडेल माझ्याकडे येतच नाही" म्हणतो, आणि तो खरंच बोलत असतो. तुलनाच होऊ नये अशी ही सोय.

ह्या वर्षी त्यात जीएसटीची भर पडली. घटस्थापनेला, २२ सप्टेंबर २०२५ ला, नवे दर लागू झाले आणि एसी, ३२ इंचांवरचे टीव्ही, डिशवॉशर २८ वरून १८ टक्क्यांवर आले. चांगलंच झालं. पण वॉशिंग मशीन? ते २०१८ च्या जुलैपासूनच १८ वर आहे! फ्रिजचंही तेच. तरी काकूंच्या मुलाला सांगितलेलं, "जीएसटी उतरला म्हणून मशीन स्वस्त." धडधडीत खोटं.

आणि नो-कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून विकलेले मासिक हप्ते. ह्यावर थोडं थांबते, कारण मला वाटतं घरोघरी सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. ३०,००० चं मशीन, ६ हप्ते, प्रत्येकी ५,०००. वरवर हिशेब बरोबर आहे. पण बँक व्याज घेतेच. वर्षाला १५ टक्के धरा. मग विकणारा तुम्हाला आधीच सुमारे १,२७० रुपयांची सूट दाखवतो, बँक २८,७३० चं कर्ज मांडते आणि त्यावर तेवढंच १,२७० व्याज लावून ५,००० चे सहा हप्ते करते. इथपर्यंत फिटंफाट. आता त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २२९ रुपये. तो हप्त्यात धरलेला नसतो. कार्डाच्या स्टेटमेंटवर दर महिन्याला वेगळी ओळ म्हणून येतो, पहिल्या महिन्यात ६५ रुपये, मग उतरत जातो. त्यावर प्रोसेसिंग फी १९९, तिच्यावरही जीएसटी, झाले २३५. एकूण ४६४ रुपये जादा. "नो-कॉस्ट" म्हणे!

रक्कम छोटी आहे, मान्य. पण शब्द खोटा आहे. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ लाच बँकांना लिहून कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. शून्य टक्क्याची पाटी उतरली, नो-कॉस्टची लागली. आणि एखादा महिना चुकला तर पुढचं फार महाग पडतं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. वर दंड, दोन्हींवर जीएसटी. शिवाय एकदा बाकी मागे राहिली की त्या कार्डावर नवीन घेतलेल्या किराण्यालाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ते बाकी फिटेपर्यंत. हे सेलच्या पानावर कुठे लिहिलेलं असतं, दाखवा मला.

हो, सेलमध्ये काही गोष्टी खरंच स्वस्त मिळतात. गेल्या वर्षीचा माल संपवायचा असतो तेव्हा मिळतात. आणि एकदम तीस हजार काढता येत नाहीत अशा घराला हप्ता हाच रस्ता असतो, तेही खरं. असो.

पण मला दुसऱ्या बाजूचाही राग येतो, तोही लिहून टाकते. दिवाळी आली की चंगळवादावर प्रवचनं देणारे पोस्ट पडायला लागतात. पूर्वी कसं वर्षातून एकदा कापड आणायचे, गरजा कशा कमी होत्या. अहो, पूर्वी भिजलेली डबल चादर पिळायला दोन बायका लागायच्या, एक ह्या टोकाला, एक त्या. मनगटं कुणाची जायची? ज्यांचे कपडे कायम दुसऱ्या कुणीतरी धुतले त्यांनी वॉशिंग मशीनला चंगळ म्हणू नये. काकूंना मशीन हवंच होतं. बादलीवर हात टेकवून उठतात त्या. त्यांना हे मशीन नको होतं, इतकंच.

काय हवं होतं ते सांगते. एकटं माणूस, रोजचे कपडे दीड किलोच्या आत. मशीनवरचे किलो हे कोरड्या कपड्यांचे असतात. जीन्स साधारण पाऊण किलो, शर्ट पाव किलो, ह्या अंदाजानं मोजा. चादरींचा दिवस धरला तरी काकूंना साडेसहा किलो भरपूर. टॉप लोड हवं, म्हणजे कपडे वरून घालायचं, कारण वाकायचं नाही. फ्रंट लोडमध्ये कपडे घालायला-काढायला गुडघ्यापर्यंत खाली जावं लागतं, ज्या त्रासातून त्यांना सोडवायचं तोच त्रास.

मग पाणी. फ्रंट लोडला बहुतेक कंपन्या निदान ०.३ बार दाब मागतात. म्हणजे नळापासून टाकीतलं पाणी तीनेक मीटर उंच हवं. काकू सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी त्यांच्याच डोक्यावरच्या गच्चीत, टाकी अर्धी झाली की नळाला धार बारीक. मशीन ठरलेल्या वेळात भरलं नाही की पाण्याचा एरर दाखवून थांबतं, आणि माणसाला वाटतं मशीन बिघडलं. मेकॅनिक येतो, जाळी साफ करतो, पैसे घेतो, परत तेच. कारण दोष मशीनमध्ये नसतोच. पंप बसवावा लागतो, नाहीतर सेमी ऑटोमॅटिक घ्यावं. त्यात बादलीनं पाणी ओतता येतं. त्याला कुणी सेलच्या पहिल्या पानावर टाकत नाही, पण वरच्या मजल्यावर आणि टँकरच्या पाण्यावर तेच निमूट चालतं. फक्त ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकावे लागतात.

आणि वीज. फ्रंट लोडमध्ये पाणी तापवायचा हीटर असतो, २,००० वॉटच्या आसपास, म्हणजे नऊ अँपिअरच्या जवळ. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, स्वतंत्र, चांगल्या अर्थिंगचा. काकूंच्या बाथरूमबाहेर ६ चा आहे, ट्रिमरसाठी काढलेला. अशा ठिकाणी कन्व्हर्टर प्लग लावून मोकळे होतात आणि दोन-चार महिन्यांत सॉकेट पिवळं पडून जळकट वास येतो. ओल्या जागेत हे किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे बघा, दार, गुडघे, टाकी, सॉकेट. चारही गोष्टी काकूंच्या घरात आहेत. त्या पानावर एकही नव्हती. तिथं होतं घड्याळ.

बाहेरगावाहून आईवडिलांना मशीन पाठवणाऱ्यांनो, तुमच्या हौसेला नावं ठेवत नाही मी. फक्त बटण दाबायच्या आधी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबा आणि शेजारच्या एखाद्या पोराला टेप घेऊन घरी पाठवा. दाराची आतली रुंदी, वाटेतल्या जिन्याचं वळण, जिथं ठेवायचं तिथली जागा आणि मागे पाइपांसाठी निदान १० सेंटिमीटर मोकळी, झाकण उघडायला वरची किंवा समोरची जागा. नळ आणि सॉकेटचे फोटो मागवा. व्हिडिओ कॉलवर आईला विचारू नका, ती "होईल रे" म्हणेल.

आल्यावर खोकं स्वतः फोडू नका. बाहेरून चारही बाजूंचे फोटो काढा, डिलिव्हरीवाला समोर असतानाच. फ्रंट लोड बसवताना मागचे ट्रान्झिट बोल्ट (वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून लावलेले), तीन किंवा चार असतात, काढलेत का ते डोळ्यांनी बघा. ते राहिले तर पहिल्याच स्पिनला मशीन अख्ख्या बाथरूमभर चालत सुटतं. काढलेले बोल्ट टाकून देऊ नका, घर बदलताना लागतात. आणि फ्री इन्स्टॉलेशनला आलेला माणूस स्टँड, कव्हर, पावडर, नळाचा अडॅप्टर पुढे करेल. अडॅप्टर लागला तर घ्या, बाकीचं त्या दिवशी नाही घेतलं तर वॉरंटी जात नाही.

मोठ्या उपकरणांना बहुतेक ठिकाणी रिटर्न नसतो, रिप्लेसमेंट असते, तीही बिघाड किंवा तुटफूट असेल तरच. "दारातून जात नाही" हे कारण त्यांच्या यादीत नाही. काकूंची त्यासाठीची सात दिवसांची मुदत लक्ष्मीपूजनाच्या आसपास संपतेय, आणि दिवाळीत टेक्निशियन मिळत नाही. परत नेण्याची विनंती मात्र मुदतीत नोंदवायलाच हवी, तारीख धरतात ती नोंदवल्याची. ते आज रात्रीच करायला लावते आहे. मुलाशी मीच बोलेन. तो समजून घेईल, आई उगाच घाबरतेय.

आणि त्यांनी परत नेलं नाही तर? आपल्या सोसायटीत किंवा जवळपास कुणाच्या दाराची चौकट आतून ६५ सेंटिमीटरच्या वर असेल, मजला खालचा असेल, १६ चा पॉइंट असेल आणि फ्रंट लोड घ्यायचंच असेल, तर कृपया मला कळवा. खोकं सीलबंद आहे, बिल आहे, वॉरंटी बिल आणि सीरियल नंबरवरच चालते. मला मेसेज करा, थेट काकूंच्या दारात जाऊ नका. भाऊबीजेला त्यांचे दोन भाऊ येतायत, तोवर हॉल मोकळा झाला तर फार बरं होईल.