गटाराआधी नकाशा: लिव्हरपूलचे जेम्स न्यूलँड्स

व्हिक्टोरियन काळातल्या गटारांचा विषय निघाला की लोक थेट लंडनची गटारं बांधणाऱ्या इंजिनिअर बॅझलगेटवर येतात. लंडनचं ते काम १८५९ साली सुरू झालं. लिव्हरपूलमध्ये जेम्स न्यूलँड्स यांनी जुलै १८४८ मध्येच अख्खं शहर एकत्र धरून भुयारी गटारं घालायला घेतली होती. माझ्या मते मान पहिला त्यांचा.

न्यूलँड्स एडिंबरोचे, जन्म १८१३. १८४७च्या जानेवारीत ते लिव्हरपूलचे बरो इंजिनिअर, म्हणजे शहराचे इंजिनिअर, झाले. त्याच वर्षी आयर्लंडच्या दुष्काळातून लाखो माणसं या बंदरात उतरत होती, तळघरांत टायफसचा ताप पसरत होता. कुणीही घाईने खणायलाच लागलं असतं. न्यूलँड्स यांनी आधी मोजणी केली: सुमारे ३,००० निरीक्षणं आणि १ इंचाला २० फूट या प्रमाणाचा समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा. १० फुटी बोळसुद्धा त्यावर अर्धा इंच रुंद दिसतो.

ही मोजणी का लागते? गटार ढाळावर चालतं. ६०० फुटांत १ फूट ढाळ धरला आणि ३०० फुटांच्या टप्प्यात लेव्हल, म्हणजे उंचीचं माप, ३ इंच चुकली, तर तिथला ढाळ निम्माच उरतो. म्हणून लेव्हल मोजायचं दुर्बिणीचं यंत्र दोन्ही स्टाफच्या, म्हणजे उभ्या धरलेल्या मापपट्ट्यांच्या, मध्यावर लावतात. दुर्बिणीची रेषा किंचित कललेली असली तरी बॅकसाइट (मागच्या पट्टीवरचा आकडा) आणि फोरसाइटमध्ये (पुढच्या पट्टीवरचा आकडा) चूक सारखीच येते, वजाबाकीत निघून जाते. शेवटी निघालो त्याच बेंचमार्कवर, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेवर, येऊन आकडा जुळवायचा. आजही नवं गटार सारखं तुंबत असेल तर आधी इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे गटाराच्या आतल्या तळाची उंची, तपासा.

दुसरी गोष्ट आकाराची. जुन्या सपाट तळाच्या गटारात कोरड्या दिवसांत पाणी तळभर पसरायचं, वेग मरायचा, गाळ बसायचा. मग रस्ता फोडून तो बादल्यांनी उपसायचा. अंडाकृती गटारात निमुळतं टोक खाली, त्यामुळे तेवढंच पाणी अरुंद तळात खोल वाहतं आणि गाळ ढकलत नेतं. पावसाचा लोंढा वरच्या रुंद भागात मावतो. नेहमीचं माप म्हणजे उंची रुंदीच्या दीडपट, तळाच्या वर्तुळाचा व्यास वरच्याच्या निम्मा. मुंबईच्या जुन्या भागातही रस्त्याखाली विटांची अशी गटारं आहेत.

अकरा वर्षांत ८६ मैल गटारं झाली. मध्येच, १८५५ साली, न्यूलँड्स क्रिमियाच्या युद्धात छावण्यांच्या सफाईच्या कामाला जाऊन आले. पण घरचे संडास जोडल्याशिवाय आणि धुऊन न्यायला पाणी असल्याशिवाय गटाराचा उपयोग नाही. रिव्हिंग्टनच्या तलावांचं पाणी शहरात १८५७ साली आलं.

लिव्हरपूलच्या मर्सी नदीला प्रचंड भरती येते. अशा वेळी गटाराचं तोंड दबतं, मागे पाणी तुंबतं आणि गाळ तिथेच बसतो. ओहोटीला तो धुऊन निघेल एवढा ढाळ शेवटच्या टप्प्याला ठेवावाच लागतो. आणि सगळं मैलापाणी प्रक्रियेविना नदीत गेलं, ही या योजनेची मोठी उणीव. ती भरून निघायला विसावं शतक संपत आलं.