६१ तासांचा सेव्ह असा फेकून देऊ नका

आज सकाळपासून डोकं फिरलंय. ग्रुपवर एका मित्रानं साधा प्रश्न टाकला होता. 'द विचर ३' या व्हिडिओ गेमचा सेव्ह (जिथवर खेळलो ते जपणारी फाइल) ६१ तासांचा आहे, मधे १४ महिने हात लावला नाही, काल रात्री उघडला तर काहीच आठवेना, काय करू? झाडून सगळ्यांचं उत्तर एकच: नव्यानं सुरू कर. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, तू आहेस कुठे, लेव्हल किती, नक्की अडलंय काय. नोकरी, घर, झोप सांभाळून एकेक करून जमवलेले एकसष्ट तास, आणि आपण तीन शब्दांत ते कचऱ्यात टाकायला सांगून मोकळे.

मी त्याला वेगळं विचारलं. स्केलिगेला, म्हणजे गेममधल्या बेटांवर पोचलाय, लेव्हल १९. सेव्ह उघडला तर गेराल्ट, म्हणजे गेमचा नायक, किनाऱ्यावर उभा. चार पावलं टाकतोय तोवर वरून सायरन, म्हणजे उडणाऱ्या राक्षसिणी, आल्या. त्या हवेत, हा खालून तलवार फिरवतोय. तीनदा मेला आणि गेम बंद केला. म्हणजे कथा आठवत नाही ही अडचणच नव्हती. सायरन उडत असताना क्रॉसबोचा एक बाण मारायचा, ती धप्पकन खाली पडते, उठायच्या आत चांदीच्या तलवारीनं संपवायची. विसरला होता तो एवढंच. आणि त्यावर आपला उपाय काय, तर ६१ तास परत खेळ!

जरा हिशेब करा. आठवड्याला पाच तास मिळतात असं धरलं (संसार असलेल्या माणसाला तेवढे मिळाले तरी खूप), तर नुसतं आज आहे तिथे परत पोचायला त्याला बारा आठवडे लागतील. उलट स्केलिगेपासून मुख्य कथा धरून ठेवली तर साधारण वीस तासांत शेवट दिसतो, म्हणजे महिनाभरात. आणि बारा आठवड्यांनी तो त्याच किनाऱ्यावर, त्याच सायरनसमोर, तितकाच थकलेला उभा असणार. बहुतेक तिथवर पोचणारही नाही. नव्यानं सुरू केलेला लांब गेम पुन्हा त्याच सुमाराला सुटतो, कारण पहिल्यांदा तो ज्या कारणानं सुटला ते कारण तसंच असतं.

जुना गेम उघडल्यावर आपल्याला 'काहीच' आठवत नाही असं वाटतं, ते खरं नसतं. कथा बऱ्यापैकी आठवत असते. हरवलेली असते ती बोटांची सवय. आणि मग आपण कुठे निघालो होतो, हेही. बोटं अर्ध्या तासात परत येतात, पण त्या अर्ध्या तासात मरायला लागलं की माणूस वैतागतो आणि न्यू गेम दाबतो. म्हणून आधी मरणं थांबवायचं.

त्या मित्राला मी जे सांगितलं ते इथेही लिहितो, गेम कोणताही असो, क्रम हाच. सगळ्यात आधी सेव्हची कॉपी. पीसीवर 'विचर ३'चे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये 'द विचर ३' फोल्डरच्या आत 'गेमसेव्हज'मध्ये असतात. ते फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. बाकी गेमचे कधी ॲपडेटात, कधी 'सेव्ह्ड गेम्स'मध्ये, कधी स्टीमच्या (गेम विकत घ्यायच्या ॲपच्या) 'यूजरडेटा'त. सापडत नसेल तर पीसीगेमिंगविकीवर गेमचं पान उघडा, जागा दिलेली असते. क्लाउड सेव्ह आहे म्हणून निर्धास्त राहू नका. क्लाउड म्हणजे बॅकअप नव्हे, ते सिंक आहे. इथे चुकीच्या सेव्हवर सेव्ह केलंत की तीच चूक तिकडेही जाते. प्लेस्टेशन ५वर (पीएस५) तर पीएस५च्या गेमचे सेव्ह यूएसबीवर काढताच येत नाहीत, आणि क्लाउडला प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. तिथे निदान गेमच्या आत नवीन स्लॉटमध्ये एक मॅन्युअल सेव्ह तरी करा.

दुसरं, डिफिकल्टी खाली आणा. लाज वाटून घेऊ नका. 'विचर ३'मध्ये ती कधीही बदलता येते, आठवडाभरानं परत वर न्या. 'हेडीस'मध्ये गॉड मोड आहे, सुरुवातीला २० टक्के मार कमी बसतो, प्रत्येक मरणाला त्यात २ टक्क्यांची भर, ८० पर्यंत. 'सेलेस्ट'च्या असिस्ट मोडमध्ये गेमचा वेगच कमी करता येतो. बनवणाऱ्यांनी विचार करून ठेवलेल्या या सोयी आहेत. त्या वापरणाऱ्याला 'खरा गेमर' नव्हे म्हणणाऱ्यांनी माझ्याशी बोलायला येऊ नये.

तिसरं, अर्धा तास एकही क्वेस्ट (गेमनं दिलेली कामगिरी) नाही. आधी कंट्रोल्सचं पान उघडून शांतपणे वाचायचं. 'विचर'मध्ये पीसीवर ऑल्ट म्हणजे छोटी बगल आणि स्पेस म्हणजे लोळण. हे दोन उलटे झाले की माणूस प्रत्येक वाराला लांब लोळत जातो आणि उलटा वार करायची संधी घालवतो. क्यू दाबून साइन, म्हणजे छोटी जादू. त्यातली क्वेन ही ढाल लावून ठेवली की पहिला फटका ती खाते. बाटल्या रिकाम्या असतील तर सामानात कडक दारू ठेवून तासभर मेडिटेशन करायचं, पोशनं आपोआप भरतात. मग सरावाला जायचं, पण व्हाइट ऑर्चर्डला, म्हणजे गेमच्या सुरुवातीच्या भागात नको. लेव्हल १९ला तिथलं सगळं एका घावात मरतं, हात शिकत नाही. वेलेन या भागात जा, रस्त्यावरच्या कुठल्याही पाटीवरून नकाशा उघडून थेट जाता येतं. तिथे दलदलीत ड्राउनर नावाचे राक्षस भेटतात. दहा-बारा मारा. बोटं परत येतात, खरंच येतात.

यानंतर लगेच मुख्य क्वेस्टला हात घालू नका, इथेच लोक चुकतात. आधी एक विचर कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारायचं काम घ्या. गावातल्या फलकावरचा कागद, गावकऱ्याशी घासाघीस, मागाचे ठसे, बेस्टिअरी (राक्षसांची माहितीवही) उघडून तलवारीला कोणतं तेल चालतं ते बघणं, मग मारामारी. तीस-चाळीस मिनिटांत अख्ख्या गेमची उजळणी होते. प्रत्येक मोठ्या गेममध्ये असं एखादं छोटं, स्वतःपुरतं पूर्ण काम असतं. ते शोधायचं.

कथेची उजळणी? 'विचर' लोड होतानाच मागची गोष्ट सांगतो. 'ड्रॅगन क्वेस्ट ११' सांगतो. 'पोकेमॉन फायररेड' आणि 'लीफग्रीन'नं हे २००४ साली केलं होतं! बाकीच्यांना का जमू नये? शंभर तासांचा गेम बनवता, नकाशावर हजार खुणा पेरता, आणि परत आलेल्या माणसाला दोन मिनिटं 'तू इथवर आला होतास' एवढं सांगायला जड जातं? मोठी माणसं सलग खेळत नाहीत हे यांना अजून कळलेलंच नाही.

बरं, नव्यानं सुरू करणं कधीच बरोबर नसतं असं नाही. सेव्ह चार-पाच तासांचाच असेल तर खुशाल करा. 'स्कायरिम'सारख्या गेममधून चालू सेव्हमध्येच मॉड (चाहत्यांनी केलेले बदल) काढून टाकले असतील आणि तो क्रॅश होत असेल, तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. आणि 'ओब्रा डिन'सारखा गेम, जिथे ६० माणसांचं काय झालं हे डोक्यात जुळवायचं असतं, तिथे आठवण गेली म्हणजे गेमच गेला. तेही अगदी सरसकट नाही म्हणा, 'आउटर वाइल्ड्स'मध्ये जहाजातला लॉग तुम्हाला कळलेलं सगळं दोऱ्यांनी जोडून ठेवतो, वर्षानं आलात तरी चालतं.

पण आपला मित्र यांतल्या कशातच बसत नाही. त्याचा सेव्ह ठणठणीत आहे.

आता खरी गोष्ट सांगतो, आणि ही कळल्यावर माझा राग जरा उतरला. त्यानं १४ महिन्यांपूर्वी गेम का सोडला? स्केलिगेच्या समुद्रात नकाशावर दिसणाऱ्या प्रश्नचिन्हांमुळे, म्हणजे न बघितलेल्या जागांच्या खुणांमुळे. प्रत्येक खुणेपाशी होडी न्यायची, पाण्यात उडी मारायची, स्मगलरांची पेटी काढायची, वर सायरन. रोज रात्री जेवढा वेळ मिळेल तेवढा हेच, दोन आठवडे. कथा जागच्या जागी. एके दिवशी उघडावंसंच वाटेना. त्याला वाटत होतं की सगळं साफ केल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे गेमचा अपमान. किती जणांना असं वाटतं! गेम चांगला, माणूस मनापासून खेळणारा, आणि वाट लागली ती एका यादीमुळे. डिसेंबर २०२२च्या ४.० पॅचमध्ये बनवणाऱ्यांनीच नकाशाला नवा फिल्टर दिला, त्यात ही प्रश्नचिन्हं मुळातच लपवलेली असतात. गेम अपडेट करा आणि तो फिल्टर बदलू नका. एवढं पुरे.

हेच बॅकलॉगला, म्हणजे घेऊन न खेळलेल्या गेमच्या ढिगाला लागू आहे. लायब्ररी उघडली की दोनशे नावं दिसतात आणि आपण तीही प्रश्नचिन्हांसारखी साफ करायला जातो. स्टीमवर एक कलेक्शन करा, त्यात फक्त दोन गेम: एक लांब, एक छोटा. बाकी सगळे नजरेआड. नक्की कधीच खेळणार नाही असे गेम 'हाइड' करा, डिलीट होत नाहीत. छोटा कशाला, तर लांब गेमच्या मधे काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधान लागतं. 'जर्नी' दोन तासांत होतो, 'एडिथ फिंच' तेवढ्यातच, 'फायरवॉच' चारेक तासांत, 'इनसाइड' साडेतीनच्या आसपास. कोणता गेम किती तासांचा ते 'हाउ लाँग टू बीट' या साइटवर बघा, पण 'मेन स्टोरी'चा बघा, 'कम्प्लीशनिस्ट'चा बघून घाबरू नका. दोन लांब गेम एकदम लावू नका, त्यातही दोन्ही ओपन वर्ल्ड (मोकळ्या नकाशात हवं तिथे फिरायचे) तर मुळीच नको. एकातली बटणं दुसऱ्यात दाबली जातात आणि दोन्ही सुटतात.

कोणता आधी घ्यायचा? ज्याची मुदत आहे तो. गेम पास या वर्गणीच्या सेवेवरून जाणारे गेम आधी 'लवकरच जाणार' यादीत येतात, तिकडे लक्ष ठेवा. सर्व्हरवर चालणारे तर सगळ्यात आधी. 'द क्रू' ३१ मार्च २०२४ला बंद झाला, त्यानंतर ज्यांनी पैसे मोजले होते त्यांनाही तो उघडेना. यावर बोलायला लागलो तर वेगळी पोस्ट होईल. राग येतो, खूप राग येतो.

आणि जिथे परतीची वाट नसते तिथे आधी चौकशी करा. 'पर्सोना ५ रॉयल'मध्ये मारुकी या पात्राशी नातं गेममधल्या १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या रँकला नेलं नाही, तर तिसरं सत्र उघडतच नाही. शंभर तास खेळून शेवटचा भाग हातचा जातो. आपल्या मित्रासाठी: मुख्य कथेतल्या 'आइल ऑफ मिस्ट्स'ला निघायच्या आधी वेगळा सेव्ह कर. 'अ डेडली प्लॉट' आणि 'नाऊ ऑर नेव्हर' हे बाजूचे क्वेस्ट करायचे असतील तर त्याच्या आत कर, नंतर ते फेल होतात.

ज्यांना एखादा गेम आवडलाच नाही त्यांनी तो सोडावा. तीन-चार तास देऊन मन लागलं नाही तर काढून टाका, कुणाचं देणं लागत नाही. माझं भांडण त्याबद्दल नाही. आवडलेला गेम केवळ धागा तुटला म्हणून फेकायला सांगतात, त्याबद्दल आहे.

धागा तुटू नये म्हणून बंद करताना दोन मिनिटं द्या. बॉसच्या दारात बंद करू नका, गावात या, मग बंद करा. कन्सोल झोपवून ठेवणं किंवा एक्सबॉक्सचं क्विक रिझ्यूम म्हणजे सेव्ह नव्हे, अपडेट आलं की ते जातं, मेनूतून हातानं सेव्ह करा. आणि फोनवर तीन ओळी लिहा. मित्राची नोंद आज अशी झाली आहे (केअर ट्रोल्डे हे स्केलिगेतलं गाव, येनेफर हे कथेतलं पात्र): "केअर ट्रोल्डे, लेव्हल १९. येनेफरला भेटायचं आहे, पेट्या शोधायच्या नाहीत. सायरन: आधी बाण, मग तलवार. ऑल्ट बगल, स्पेस लोळण." पुढच्या १४ महिन्यांनी उघडला तरी पुरेल.

दुपारी त्याचा मेसेज आला, बाण लागला म्हणून. नुसता बाण लागला, आणि त्याला काय आनंद झाला होता!

तुमचा कोणता सेव्ह कुठे अडकलाय ते खाली लिहा. गेमचं नाव, किती तास, शेवटचा क्वेस्ट आणि कशानं मरताय ते. रात्री बसून एकेकाला उत्तर देतो. आणि उत्तर द्यायला येणाऱ्यांनो, 'नव्यानं सुरू कर' लिहायच्या आधी त्याला विचारा तरी, आहेस कुठे.